दहा किलोमीटरचे प्रतिज्ञापत्र

अर्जदार: मी स्वतः, वय बावन्न, व्यवसाय अर्जलेखन, राहणार मोहाडी. विरुद्ध पक्ष: माझाच देह. घटनेचा दिनांक: एक जानेवारी, चालू साल. साक्षीदार: क्रमांक एक, माझी पत्नी, क्रमांक दोन, एक ऑटोवाला.

मी नववीपर्यंतच शिकलो. तथापि तहसील कार्यालयासमोरच्या माझ्या टेबलावर लिहिलेला एकही अर्ज भाषेपायी परत आल्याचे कोणी दाखवून द्यावे. डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितले की, तीन महिन्यांत रक्तातील साखर उतरली नाही तर रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल. सुईला मी लहानपणापासून भितो, हे येथे प्रथमच लेखी कबूल करतो. उपाय त्यांनी दोनच सांगितले: रोज अर्धा तास चालणे आणि भात निम्मा.

एवढीशी मागणी माझ्या लेखणीला शोभेना. एकतीस तारखेस मी चक्क मुद्रांकावर लिहिले: रोज दहा किलोमीटर चालेन, भात पूर्णतः वर्ज्य करेन, होळीपर्यंत वीस किलो वजन घटवीन. साक्षीदाराच्या सहीसाठी कागद पत्नीपुढे ठेवला.

"काय जी, डाक्टरनं त अर्धाच तास म्हनलं होतं. दहा किलोमीटर काहून?"

"मागनी जास्तच लिहा लागते. काटछाट होऊनच मंजूर होते."

"मंजूर कोन करन? तुमचा गुडघा का तहसीलदार हाये?"

सही मात्र तिने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याच्या रस्त्याने निघालो. तिसऱ्या किलोमीटरच्या दगडाशी उजवा गुडघा असा अडला की त्याच दगडावर बसावे लागले. एक ऑटो थांबला. त्या ऑटोवाल्याचा फेरफाराचा अर्ज मीच लिहिलेला.

"काय साहेब, इथंच खारीज झाला का अर्ज?"

भरलेला ऑटो हसला. त्याच ऑटोत बसून मी घरी आलो.

पुढे आठ दिवस खाटेवर काढले. भात तर तिसऱ्याच दिवशी सुरू झाला, तोही लंगडत जाऊन, उभ्याउभ्या, थेट चुलीवरच्या गंजातून. पत्नीने पाहिले आणि जवळ ताट ठेवून ती अंगणात गेली. तिने दोन शब्द सुनावले असते तर मला भांडता तरी आले असते.

महिनाअखेर तपासणी झाली. साखर उतरायची सोडून चढलेली निघाली. ज्या युक्तीने मी इतकी वर्षे लोकांना मागणीच्या निम्मे तरी मिळवून दिले, ती माझ्याच कामी येऊ नये, याचा संताप कोणत्या कार्यालयात दाखल करावा? देह काटछाट करीत नाही; जास्त मागितले की अर्धा तासही नाकारतो.

सबब विनंती की, सदर प्रतिज्ञापत्रात 'दहा किलोमीटर' ऐवजी 'गावच्या तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन परत, अर्धा तास' आणि 'भात वर्ज्य' ऐवजी 'भात एकदाच वाढावा' असे वाचावे. वजनाचे कलम वगळावे. या दुरुस्तीवर साक्षीदार क्रमांक एक यांनी आज सायंकाळी ताट वाढण्यापूर्वी तोंडी उत्तर द्यावे. सुईला अद्याप दोन महिने अवकाश आहे.