देवावर भरवसा, बाकीच्यांवर नजर

जालना जिल्ह्यातील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, देव सोडून इतर कोणावरही तिळमात्र विश्वास न ठेवणारी, आणि म्हणून गल्लीने 'इन्स्पेक्टर' नाव ठेवलेली आमची आत्या आता या जगात राहिलेली नाही. सबब दूधवाले, रिक्षावाले, डॉक्टर, पाळकसाहेब आणि पुतणे यांनी निर्धास्त व्हावे. ही बातमी वाचून ज्यांना हायसे वाटले असेल, त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू देऊ नये. ती वरून बघत असण्याची दाट शक्यता आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केले नाही. का, असे विचारले तर म्हणे, "तीन स्थळं आल्ती. तिन्ही वेळा मी चौकशी केली." मिशनच्या दवाखान्यात तिने जन्मभर नर्सची नोकरी केली, त्यातली सुरुवातीची वर्षे टेंभुर्णीकडच्या खेड्यांतून पायपीट करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ती जालन्यात मस्तगडला आमच्या घरी राहायला आली आणि आमच्या घरातला निवांतपणा त्याच दिवशी निवृत्त झाला.

दूधवाल्याने माप भरण्याआधी आत्या ते उलटे करून, बुडाला बोट फिरवून बघायची. रोज. शेवटी एकदा तो रडकुंडीला आला.

"सिस्टरबाई, तेरा वर्षं झाली. अजून माझ्यावर भरवसा न्हाई का?"

"भरवसा देवावर," आत्या म्हणाली. "तुझ्यावर नजर."

पाळकसाहेबांची गतही वेगळी नव्हती. चर्चमध्ये ती तिसऱ्या बाकावर बसे आणि प्रत्येक संदेशाची, म्हणजे प्रवचनाची, तारीख एका वहीत लिहून ठेवी. बिचाऱ्या साहेबांनी एकदा जुनाच संदेश नव्या उदाहरणांसकट दिला. दारात हस्तांदोलन करताना आत्या त्यांना हळूच म्हणाली, "साहेब, हा मागच्या पावसाळ्यात झाल्ता. तेव्हा बरा झाल्ता." तेव्हापासून साहेब तिसऱ्या बाकाकडे न बघता बोलायला शिकले.

पण तिचा खरा संशय आमच्यावर होता. माझ्या पिढीवर. "तुमची पिढी अविश्वासी," हे ती इतक्या वेळा म्हणे की ते आमचे आडनावच वाटावे. शेजारच्या गल्लीतले लोक चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी निघाले की ती खिडकीतून त्यांच्याकडे बघायची आणि मग वळून आमच्याकडे. "बघा. ते वीसपंचवीस किलोमीटर चालून राह्यले. अन् तुम्हाला चर्चला जायला रिक्षा लागती." समोरच्या नजमाखालांचे उदाहरण तर रोजचे. "ती दिवसातून पाचदा नमाजाला उभी राहती. तुम्हाला एकदा बसवत न्हाई."

हे 'एकदा' म्हणजे संध्याकाळची सातची कौटुंबिक प्रार्थना. सतरंजी अंथरायची, एक गीत म्हणायचे, एक अध्याय वाचायचा, मग डोळे मिटायचे आणि आत्या प्रार्थना करायची. तिची प्रार्थना म्हणजे देवाला सादर केलेला गोपनीय अहवाल असे. "हे प्रभू, या घरात एक माणूस पावणेसातला मुद्दाम मेथी आणायला जातो, अन् मेथी तर सकाळीच आणलेली असती. त्याला तू बघ. हे प्रभू, एकीला गीताच्या वेळेलाच कुकर लावायचा असतो. तिलाबी बघ." मी आणि माझी बायको मीना मान खाली घालून ऐकायचो. अहवालात चूक कधी सापडली नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, पुण्याला इंजिनिअर. कॉलेजात असतानाच त्याने घरात जाहीर केले होते की देव वगैरे काही नसतो. तेव्हापासून तीस वर्षे तो प्रार्थनेला बसला नाही. नाताळला घरी आला की सातच्या ठोक्याला त्याला अतिमहत्त्वाचा फोन येई आणि तो बोलत बोलत अंगणात जाई. एका वर्षी आत्या त्याच्या मागोमाग गेली, फोन काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हते. तिने फोन परत दिला. "बराबर म्हणतोस तू," ती म्हणाली. "पलीकडं कुणीच न्हाई."

मी दादाइतका शूर नव्हतो. मला विश्वास होता की नाही हे मी कधी तपासलेच नव्हते. मी फक्त पकडला जाणार नाही एवढे बघायचो. म्हणून तर ज्वारीचे प्रकरण घडले. आत्याने माझ्या पवित्र शास्त्रात शाळू ज्वारीचा एक दाणा ठेवला होता. रोज एक अध्याय वाचायचा आणि दाणा पुढच्या अध्यायात सरकवायचा. ती दुसऱ्या दिवशी तपासायची. मी रोज न वाचता इमानेइतबारे दाणा सरकवत होतो. एकदा दाणा पंख्याच्या वाऱ्याने उडाला. मी बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. जालन्यात निम्म्या घरांत कोणी ना कोणी बियाण्यात असतेच. बॅगेत नमुन्याची पुडी होती, त्यातला एक दाणा घाईघाईने पानांत ठेवून दिला. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते, आणि ते औषध रंगीत असते, हे मी विसरलो. निम्मा जिल्हा ते मला विचारायला येतो, आणि मी विसरलो!

संध्याकाळी आत्याने तो दाणा दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर उजेडात फिरवला.

"गुलाबी झालाय," ती म्हणाली. "तुझं वाचन ऐकून लाजला का रे?"

आम्ही तिच्यावर हसायचो, पण गल्लीतल्या काहींना ती हसण्यासारखी वाटत नव्हती. कोणी आजारी पडले की आत्या जायची, औषध द्यायची आणि निघताना त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलायची. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांना संशय आला की ही लोकांना बाटवते. त्यांनी तिला चौकातच अडवले. "सिस्टरबाई, लोकांच्या कानात तुम्ही नेमकं काय सांगून राह्यल्या?"

"विचारते," आत्या म्हणाली. "गोळी गिळली, का जिभेखाली धरली? निम्मे लोक धरतात. तुम्हीबी धरणारे दिसता."

ओट्यावरून नजमाखाला ओरडल्या, "अरे भाई, इसके खुदा को भी मालूम, ये गोली गिने बगैर किसी को नहीं छोडती!" गृहस्थ गेले. पुढे त्यांनाच मलेरिया झाला, तेव्हा आत्याने त्यांना तोंड उघडून जीभ वर करायला लावली म्हणतात.

मग एके दिवशी जिना चढताना ती मध्येच बसली. हृदयाचे ऑपरेशन ठरले. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला. आत्याने त्यांना तिच्यासमोर हात धुवायला लावले. कोपरापर्यंत, दोनदा. सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचली. नर्सपोरींची नखे बघितली. आणि एवढे झाल्यावर उशीला टेकून ती अशी काही शांत झाली की मी घाबरलोच.

"आत्या, भीती वाटते का?"

"कशाची? माझं बघून झालं. पुढचं त्याच्याकडं." ती छताकडे बोट करून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माझी काळजी दुसरीच हाय. माझ्या मागं त्या घरात सातला कोण बसंल?"

"मी बसेन ना."

"तू बसशील. फोटोबी बसतो भिंतीवर. बोलंल कोण त्याच्याशी? खरं?" तिने माझे मनगट धरले, जणू नाडी बघत होती. "आता कर प्रार्थना. मला आत न्यायच्या आधी."

मी घसा खाकरला आणि माझा ठेवणीतला आवाज काढला. "हे दयाळू, कृपाळू, सनातन स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अयोग्य लेकरे तुझ्या चरणाशी…"

"हे पाळकसाहेबांचं," ती म्हणाली. "तुझं बोल."

बाहेर स्ट्रेचर आल्याचा आवाज झाला. "देवा," मी म्हणालो, "तू आहेस का, मला नक्की माहीत नाही. पण हिला आज नेऊ नकोस. घरात तुझ्याशी बोलणारं कोणी उरणार नाही." आणि पुढे काय म्हणायचे ते न कळून 'आमेन' म्हणालो.

आत्याने डोळे मिटून थोडा विचार केला. "अर्धं खरं होतं," ती म्हणाली. "देवाला अर्धं चालतं. मला न्हाई चालत." आणि तिला आत नेले.

ती त्यातून उठली आणि चार महिने जगली. या चार महिन्यांत प्रार्थना तिनेच केली, आवाज खोल गेला तरी. अहवाल मात्र लहान होत गेले. शेवटी शेवटी फक्त नावे उरली. माझे, मीनाचे आणि सगळ्यात शेवटी, रोज, न चुकता, दादाचे. नावापुढे तक्रार नसायची. नुसते नाव घेऊन ती थांबायची. एका रविवारी, चर्चला जायला साडी नेसून तयार झाली, खुर्चीत बसली आणि उठलीच नाही.

अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या या भगिनीने सर्वांवर निरपेक्ष विश्वास ठेवला," तेव्हा मागच्या बाकावर दूधवाल्याला जोराचा खोकला आला. मातीची मूठ टाकताना मी हसत होतो की रडत होतो, हे मीनाला विचारा. तिने बघितले, मला आठवत नाही.

घरी आलो. सात वाजले. कोणी कोणाला बोलावले नाही, तरी मीनाने सतरंजी अंथरली. नजमाखाला भाकरी-भाजीचा डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच डोक्यावर पदर ओढून उभ्या राहिल्या. अंत्यविधीसाठी पुण्याहून आलेला दादा कधी येऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसला, मला कळले नाही. मी डोळे मिटले. "देवा, आमची आत्या…" एवढे म्हणालो आणि माझा आवाज गेला. मीना रडत होती. तिलाही शब्द फुटेना. वाटले, आत्याचा संशय खरा ठरला. इतक्या लवकर, पहिल्याच संध्याकाळी.

आणि माझ्या शेजारून कोणीतरी मोठ्याने बोलले. मी दचकून डोळे उघडले. दादाचे डोळे घट्ट मिटलेले होते, आणि पुण्यात तीस वर्षे घासून गुळगुळीत केलेली त्याची भाषा कुठल्या कुठे गळून पडली होती.

"देवा, आता पहारा तूच दे, अन् तिला जरा झोपू दे रे!"