यादीतली माझी चूक

तुम्ही पाठवलेल्या टॅबलेटचं खोकं उघडलं आणि नव्या प्लास्टिकच्या वासाने मुलुंडच्या आमच्या सोसायटीचं ऑफिस आठवलं. नवा कॉम्प्युटर आला होता, एसीसाठी दार बंद होतं, आणि कमिटीच्या सहाजणी पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. सभासदांची यादी आणि अडीअडचणीला कोणाला फोन करायचा ती यादी, दोन्ही मीच टाइप करून जोडल्या होत्या. कोणाचा कोणाशी संबंध आहे ते प्रोग्रॅम आपोआप शोधणार होता. बटण दाबताच रेघा उमटू लागल्या, आणि त्यातली एक माझ्या शेजारी बसलेल्या विधवा मैत्रिणीच्या नावापासून निघून समोरच्या विंगमधल्या विधुर गृहस्थांपर्यंत गेली. तिने मुलाऐवजी त्यांचा नंबर दिला होता. टाइप करताना मी आकडे तपासले, माणसं पाहिलीच नव्हती. “अगं बाई, हे कधीपासून गं?” अध्यक्षबाई तिला म्हणाल्या. तिने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. उठून जायला वाटच नव्हती. “चूक माझी आहे,” मी म्हटलं, “टाइप करताना ओळ खाली सरकली.” “तुमची चूक? मग वाट लागली सोसायटीची!” अध्यक्षबाई म्हणाल्या आणि सगळ्या खो खो हसल्या. तेव्हापासून माझी प्रत्येक यादी दुसरं कोणीतरी तपासतं, आणि मी निमूटपणे तपासू देते.