करवंदाची गोळी

मैत्री ओव्हाळचे वडील, ज्ञानदेव, कारखान्यात कामावर असतानाच हृदयविकाराने गेले. म्हणून तिने संशोधनाला तोच विषय धरला: रोजच्या खाण्यातल्या अँटिऑक्सिडंटांनी हृदय जपता येतं का? देहूरोडची पोर; प्रयोगशाळेत तिने मावळातली करवंदंच नेली. उंदरांवर निकाल इतके सुंदर आले, की चाकणच्या एका औषध कंपनीने तिला बोलावूनच घेतलं. करवंदाच्या अर्काची गोळी बाजारात आली. डबीवर पांढऱ्या कोटातली मैत्री, खाली ‘हृदयाची राखण’. आई सोजरबाई ती डबी येईल-जाईल त्याला दाखवायची.

पण माणसांवर चाचणी झालीच नव्हती, हे मैत्रीला खुपत होतं. जाहिरातीला उपयोग होईल म्हणून मालकांनी परवानगी दिली. तिने कारखान्यांतल्या कामगारांपैकी अर्ध्यांना खरी गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची. शिफ्ट सुटताना गेटवर उभी राहून ती रक्ताचे नमुने घ्यायची. यात तिची उमेदीची वर्षं गेली. शेवटी आकडे उघडले, तर दोन्ही गटांत काडीचाही फरक नव्हता.

ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. “सर, हृदयाला फायदा नाही. डबीवरचं वाक्य काढावं लागेल.”

“अपाय होतो?”

“नाही.”

“मग झालं तर! फळच आहे मॅडम. खाऊन कुणी मरणार आहे का?”

तिने राजीनामा दिला आणि निगडीच्या एका कॉलेजात शिकवू लागली. निकाल मात्र करारामुळे कंपनीच्याच ताब्यात राहिले. घरी तिने सगळं सांगितलं. धाकटा भाऊ धम्मपाल बायकोला म्हणाला, “मालकाशी वाजलंय ताईचं, म्हणून बोलते. निवळेल राग.”

पुढच्या वर्षी धम्मपाल त्याच्या कारखान्यात मशीनवरच कोसळला. मैत्री हॉस्पिटलात पोचली, तेव्हा डॉक्टर विचारत होते, “रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?” त्याच्या बायकोने, मिनलने, पर्समधून करवंदाची डबी काढली.

“आणि कोलेस्टेरॉलची? डॉक्टरांनी दिलेली?” मैत्रीने विचारलं.

“ती कधीच बंद केली त्यांनी. म्हणाले, बहिणीचं औषध असताना परक्याचं कशाला?”

डॉक्टरांनी डबीवरचा फोटो पाहिला, मग तिच्याकडे. डबी परत देऊन ते केसपेपरवर लिहू लागले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

धम्मपाल वाचला, पण जिना चढला तरी धापा टाकू लागला. कारखान्याने त्याला थोडे दिवस गेटवर बसवलं, मग घरी. भेटायला आलेल्यांना तो सांगायचा, “ताईच्या गोळीनं तगलो राव. न्हाईतर पहिल्याच झटक्यात गेलो असतो.” मैत्री समजवायला लागली, की तो लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकून घ्यायचा.

मग तिने करार मोडला आणि सगळे आकडे जाहीर केले. चार जणांनी वाचले. औषध कंपनीने तिला कोर्टात खेचलं, कॉलेजने ‘तूर्त येऊ नका’ म्हणून कळवलं. खप काही कमी झाला नाही.

“गप बसली असतीस, तर निदान घरात एक पगार आला असता,” सोजरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख होती. मैत्रीने साडीला इस्त्री केली.