फावड्याची दोरी

जातपात न मानणाऱ्या आमच्या मामांनी माणसांच्या दोनच जाती पाडल्या आहेत: फावडं धुऊन ठेवणारे आणि तसंच टाकणारे. सोलापुरातले निम्मे इंजिनिअर त्यांच्या लेखी दुसऱ्या जातीत जमा आहेत. बांधकामावर वाळू ओढून आले की मामा आधी फावड्याला आंघोळ घालतात, मग स्वतः करतात. ज्या दिवशी नळ येत नाही, त्या दिवशी स्वतःची राहते. माझ्या बहिणीच्या लग्नाची साडी घ्यायला नवी पेठेत गेलो, तर तिथंही फावडं खांद्यावर. दुकानदार म्हणाला, "ते बाहेर ठेवा की हो." मामा म्हणाले, "तुमी गल्ला बाहेर ठिवता व्हय?"

श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी पत्रक काढलं, ते त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. शेवटी म्हणाले, "लई ग्वाड हाय. पर ह्यात फावडं कुटं हाय?" मी चिडले. कारण फावडं त्यात नव्हतंच.

त्यांच्या फावड्याला पात्याजवळ दोरी आहे. एकानं दांडा धरून पातं वाळूत रोवायचं, समोरच्यानं दोरी ओढायची. तीस वर्षं दोरीला मामी होत्या. त्या गेल्या आणि मुकादमानं दिलेला प्रत्येक जोडीदार मामांनी परत पाठवला. एक हिसके देतो, दुसरा फार बोलतो. एकटेच ओढायचे, दोरी वाळूत नुसती फरफटायची. शेवटी मुकादम म्हणाला, "उद्या जोडीदार आणा, न्हाय तर येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी गेले. मामांनी माझे तळवे बघितले. "कागदाचं हात हायती तुजं, पोरी. सोलून निघतील." तरी दोरी दिली. मध्ये एके ठिकाणी ती हाताच्या घामानं काळी पडली होती. "तितं नगं. जरा मागं धर."

त्यांनी पातं रोवलं आणि थांबले. मीही थांबले. मुकादम ओरडला, "फोटो काढायचाय का?"

"मामा, कधी ओढू ते सांगा की!"

मामा गोंधळले. "सांगावं लागतं व्हय?"

तीस वर्षांत लागलंच नव्हतं. मग शब्द नवा असल्यासारखे ते म्हणाले, "ओढ."

दिवसभर ते 'ओढ' म्हणत राहिले, मी ओढत राहिले. संध्याकाळी घरी फावडं धुताना त्यांनी दोरी तेवढी खांद्यावर उचलून धरली, भिजू नये म्हणून.

"उद्या येतीस न्हवं?" त्यांनी विचारलं. बघत मात्र होते त्या काळ्या जागेकडे.