आधी कोणाकडे गेला होता?

कॅज्युअल्टीतले किस्से शोधावे लागत नाहीत, ते ॲम्ब्युलन्समधून उतरतात! त्यात केतकीनं सर्पदंशावर रिसर्च सुरू केला, मग तर विचारूच नका. केतकी म्हणजे पुण्याहून भंडाऱ्याला आलेली आमची ज्युनियर डॉक्टर. मी इथल्याच सानगडीचा, त्यामुळे तिचा सीनियर कमी अन् दुभाषी जास्त!

पहिल्याच पेशंटनं तिला गार केलं. धानाच्या रोवणीवरून आणलेल्या बाईचा नवरा म्हणाला, "पान लागलं."

केतकी म्हणाली, "कसलं? तंबाखूचं?"

"अवो मॅडम, पान लागलं ना!"

मी धावलो. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला म्हणजे पान लागलं. बाई वाचल्या. केतकी मात्र त्या दिवसापासून पानठेल्याकडे संशयानं बघते.

*

नागपूरहून एक मोठे सर पाहणीला आले. ऐटीत विचारलं, "तुमच्याकडे रिसर्चचं कल्चर आहे का?"

आमच्या सिस्टर ताठ उभ्या. "हो सर! लॅबला पाठवलंय, रिपोर्ट परवा येईल!"

सिस्टरसाठी कल्चर म्हणजे जंतूंची टेस्ट! सर नागपूरपर्यंत हसत गेले असतील. हसू द्या! आधी इंजेक्शन, मग रिसर्चचे प्रश्न, हे आमच्या सिस्टरला कोणी शिकवायची गरज नाही.

*

केतकीला शोधायचं होतं ते एवढंच, की साप चावलेली माणसं दवाखान्यात उशिरा का पोचतात. वरठी स्टेशनाजवळच्या एका काकांना तिनं विचारलं, "चावला किती वाजता?"

"गाडी आली तवा."

"कोणती गाडी?"

"जे रोज लेट येते ते."

"मग आज किती लेट होती?"

"आज टायमावर आली ना मॅडम! म्हनून तं धावलो अन् पाय पडला त्याच्यावर!"

*

खरा प्रश्न होता, "आधी कोणाकडे गेला होता?" कपाळाला अंगारा, मुठीत लिंबू, अन् उत्तर ठरलेलं. "कोनाकडेच नाई, सीधे इथंच आलो!"

केतकी भडकायची. "लोक खोटं बोलले तर माझा अभ्यास कचऱ्यात!"

"तू रागावतेस, म्हणून खोटं बोलतात," मी म्हटलं.

मग एक तरुण बाई आली, श्वास जेमतेम. कडेवर लेकरू घेऊन नवरा सांगत राहिला, "सीधे इथंच आनलं." बाईच्या गळ्यात मांत्रिकाचा ताजा गंडा होता. आम्ही सगळं केलं, पण ती गेली. केतकी ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी केतकी हजर! प्रश्न तोच, आवाज मऊ. "रागावणार नाही, खरं सांगा." अन् लोक खरं सांगू लागले.

*

मग सिहोऱ्याकडून एक मोटारसायकल थेट आमच्या दारात आली. मागे बसलेले काका उतरता उतरताच ओरडले, "पान लागलं! पहिले सुई लावा!"

इतक्या लवकर पोचलेला पेशंट केतकीनं पाहिलाच नव्हता. औषध गेलं, काका सावरले. ती जाम खूश!

"शाब्बास काका! आधी कोणाकडे गेला नाहीत ना?"

"कोनाकडे जाऊ मॅडम? तिकडं झाडफूक करनारा मीच आहो!"

"मग स्वतःवर नाही केली?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली घेतला.

"मले वाचाचं होतं ना, मॅडम!"