विज्ञानाच्या बाई आणि बाटलीतलं फुप्फुस

रिकाम्या बाटलीवर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंइतका जीव टाकणारा माणूस वसईपासून विरारपर्यंत दुसरा सापडायचा नाही. समोरच्याने सरबताची बाटली तोंडाला लावली की बाईंची नजर त्याच्याकडे नसायचीच, बाटलीच्या बुडाकडे असायची. पापडी गावातल्या एका लग्नात आम्ही नवरा-नवरीला भेटायला मंचावर चढलो, तर बाई नवरीच्या आईला म्हणाल्या, "जेवणं उरकली की त्या पाण्याच्या बाटल्या फेकू नका हं, मी थांबते." आणि खरोखरच थांबल्या, रेशमी साडीत, हातात दोन गोणपाटं घेऊन. शनिवारी शाळा सुटली की त्या वालीवच्या कारखान्यांमधून रबरी नळ्यांचे तुकडे गोळा करत हिंडायच्या. तिथल्या कामगारांना त्या आधी भंगारवाली वाटल्या होत्या, आणि ही गोष्ट बाई मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

एवढा खटाटोप कशासाठी, तर श्वसनाच्या एका धड्यासाठी. बाटलीचं बूड कापायचं. वाय आकाराच्या नळीला दोन फुगे बांधून ते आत सोडायचे, नळीचं टोक बाटलीच्या तोंडातून वर काढायचं आणि भोवतालची फट मळलेल्या मातीने बुजवायची. कापलेल्या बुडावर मोठ्या फुग्याचं रबर ताणून बसवायचं. ते खाली ओढलं की आतले फुगे आपोआप फुगतात. "फुप्फुस बिचारं स्वतः काही करत नाही, खालचं श्वासपटल जागा करून देतं म्हणून हवा आत येते," हे बाईंचं वाक्य शेजारच्या वर्गात कविता शिकवता शिकवता मलाही पाठ झालं होतं.

एकदा शाळा तपासायला साहेब आले आणि नेमके बाईंच्या तासाला बसले. मुख्याध्यापकांनी मलाही सोबत बसवलं. बाईंनी रबर ओढलं. फुगे ढिम्म. पुन्हा ओढलं, तरी ढिम्म. मुख्याध्यापकांना घाम फुटला. बाईंचा चेहरा मात्र उजळला. "कुठून तरी हवा शिरतेय! कोन शोधतं बघू?" आनंद झाला की त्यांच्या तोंडी घरची, खाडीकाठची बोली यायची. सगळा वर्ग बाटलीभोवती कान देऊन उभा राहिला. साहेबही उठून आले, तर बाई त्यांना म्हणाल्या, "जरा तो पंखा बंद करा." साहेबांनी निमूट बंद केला. आणि शेवटी मातीतली भेग सापडली ती त्यांनाच. त्यांनी तिच्यावर अंगठा दाबला, बाईंनी रबर ओढलं, फुगे टम्म फुगले. "शाब्बास!" म्हणत बाईंनी सवयीने साहेबांची पाठ थोपटली.

मी इतकी हसले की खोकतच बाहेर पडले. मला दमा आहे, आणि तोवर शाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जिन्याखाली लपून मी पंप ओढत होते, तेवढ्यात मागून बाई आल्या. त्यांनी पंपाकडे एकदा पाहिलं आणि वर्गात परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी नवी बाटली माझ्या हातात दिली, वरची नळी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "ओढा." मी रबर ओढलं. फुगे कण्हत कण्हत जेमतेम हलले.

"फुगे चांगले हायेत, रबर चांगलं हाय. वाट तेवढी आवळलीय. यात लपवन्यासारखं काय हाय?"

त्यांनी चिमूट सोडली. फुगे भरून आले, आणि मी पुन्हा पुन्हा रबर ओढून बघितलं. इतकी वर्षं मी स्वतःला मोडकी समजत होते. त्या दिवसापासून पंप शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत ओढायला लागले. पहिल्याच वेळी समोरच्या सरांनी विचारलं ते एवढंच, "चहा घेणार ना?"

बाई आता निवृत्त होऊन गावीच असतात. मी रविवारी जाते, आणि आम्ही दोघी खाडीच्या बांधावर फिरतो. चढ लागला की बाई थांबतात, कमरेवर हात ठेवून म्हणतात, "थांबा हो, दम लागला मला." त्यांना दम लागलेला नसतो, हे मला कळतं. मला कळतं, हे त्यांनाही कळतं. आम्ही दोघी पाण्याकडे बघत उभ्या राहतो.