खानावळीतली मास्टरमाइंड

‘मास्टरमाइंड’ हा शब्द हल्ली पेपरात रोज दिसतो. बँक लुटली, त्यामागचा मास्टरमाइंड. दागिने पळवले, त्यामागचा मास्टरमाइंड. मला मात्र तो वाचताना लालबागची आमची खानावळवाली मावशी आठवते.

सातवीतून शाळा सुटली आणि मी कोकणातून येऊन गिरणीत बदलीवर लागलो, म्हणजे कायमचा कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरतं काम. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा भरात होती. मी मुळात घाबरट. त्यात एकदा कर्फ्यू लागला आणि नेमका त्याच दिवशी मला ताप भरला. खोलीतले गाववाले गिरणीत अडकलेले. शेजारच्या खोल्याही आमच्यासारख्याच एकट्या पुरुषांच्या, त्यांनाही कुलपं. मडक्यात पाणी होतं तेवढंच. इथेच काही बरंवाईट झालं तर कळणार कुणाला, या विचाराने अंगावरचा काटा जाईना.

दुपारी मागच्या खिडकीवर ठकठक झाली. पलीकडच्या चाळीच्या गॅलरीतून एक बाई कपडे वाळत घालायची लांब काठी माझ्याकडे धरून उभी होती. टोकाला कडीचा डबा.

“धर रे लवकर, हात भरून आला माझा. मावशीने पेज पाठवलीय.”

मावशीची खानावळ मध्ये तीन चाळी सोडून. आदल्या रात्री मी अर्ध्या ताटावरून उठलो, ते तिने बघून ठेवलं होतं. रस्त्यावर पाऊल टाकायला बंदी होती, पण दोन चाळींच्या पाठींमधल्या अरुंद घरगल्ल्यांकडे कोण बघतंय? हाकेला हाक जोडून तिने गॅलऱ्यांतल्या बायका कामाला लावल्या. कर्फ्यू उठेपर्यंत पेज दोन्ही वेळा आली, तीही गरम. अशाच काठ्यांवरून एका बाळंतिणीचं जेवणही फिरत होतं, हे मला मागाहून कळलं. कुठला डबा कुणाचा, ते फक्त मावशीच्या डोक्यात.

पुढे खानावळीत पंगत बसली तेव्हा इंग्रजी छापखान्यात कामाला असलेला, खानावळीचा एक मेंबर म्हणाला, “मावशी, तुम्ही तर मास्टरमाइंड निघालात.”

“ह्यो शब्द बरो की वायट, ता आधी सांग.”

“सगळा बेत आधी डोक्यात आखायचा आणि ज्याला त्याला त्याच्यापुरतं काम वाटून द्यायचं. असं ज्याचं डोकं, तो मास्टरमाइंड. पेपरवाले दरोडेखोरांना म्हणतात, पण चांगल्या कामालाही चालतो.”

“मगे पोलीस इले तर जामीन तूच रव हां.”

पंगत हसली. सगळ्यांना बांगड्याचं झणझणीत तिखलं वाढलं गेलं, माझ्यापुढे पेजच.

“मावशी, आता बरा आहे मी,” मी ओशाळून म्हटलं.

“माका दिसता मा. अजून चार दिवस पेजच. कामार जाव नको, तुझ्या मुकादमाक सांगान ठेवलंय.”

हातची बदली जाईल ही धास्ती मी कुणाकडेच बोललो नव्हतो. गुपचूप पेज प्यायलो आणि खोलीवर जाऊन गाढ झोपलो.